जलदानाचं कासव

कोथरूड, पुणे
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. चैताली,
जय भीम.

आज तुझ्या आईचा जलदान विधी आणि पुण्यानुमोदन झालं. सकाळी दहाला, सोसायटीच्या हॉलमध्ये. भंते वेळेवर आले. आईच्या शाळेतल्या शिक्षिका आल्या होत्या, टेलिफोन खात्यातले माझ्या बरोबरीचे चार-पाच जण आले होते. खुर्च्या पुरल्या. जेवायला वरण-भात, वांग्याची भाजी आणि बुंदी होती. बुंदी बरीच उरली, ती वॉचमनकडे दिली. दुपारी दोनपर्यंत हॉल रिकामा केला.

फोनवर तू रडतेस आणि मी गप्प बसतो. त्यातून दोघांनाही काही मिळत नाही. म्हणून लिहून, पानांचे फोटो काढून पाठवतो आहे. अक्षर लागलं नाही तर विचार.

तुला तिकडून विमानाचं तिकीट चार दिवसांनंतरचं मिळत होतं आणि मी येऊ नकोस म्हटलं. अंत्यविधीसाठी तेवढे दिवस थांबणं शक्य नव्हतं, एवढंच कारण होतं. दुसरं काही मनात आणू नकोस.

एक सांगायचं राहिलं. भैरूला सोडलं.

जेवणं झाल्यावर आईच्या माहेरच्या कांताबाई म्हणाल्या, "भाऊजी, आज जलदान हाय ना? मंग पान्यातला जीव पान्यात जाऊ द्या. सत्यशीलेच्या नावानं." मी म्हटलं, तो टबात रमलेला आहे. त्यावर म्हणाल्या, "चौदा वर्सं झाली त्याले टबात. जन्मठेपबी चौदाच वर्साची असते." सगळे हसले. आठवडाभरात कुणी पहिल्यांदा हसलं. मग सगळ्यांनाच ते पटलं. आईचं पुण्य, आणि एका जिवाची सुटका.

तू दहावीत असताना भैरूला दुकानातून आणलंस तेव्हा तो दोन रुपयांच्या नाण्याएवढा होता. आज बादलीत धड मावेना. आईची एक सुती साडी वर झाकली आणि कांताबाईंच्या मुलाच्या गाडीतून पाषाणच्या तळ्यावर गेलो. काठाशी ठेवल्यावर तो काही वेळ हललाच नाही. मान बाहेर काढून आमच्याकडे बघत राहिला. मग गेला. सगळे 'साधु, साधु, साधु' म्हणाले.

मलाही बरं वाटलं. आईनंतर त्याचं खाणंपिणं, टब धुणं मला कितपत जमलं असतं ते सांगता येत नाही. टब धुऊन बाल्कनीत उपडा घातला आहे.

तू जेवणाकडे लक्ष दे.

तुझे
बाबा

बुधवार, १२ फेब्रुवारी

चि. चैताली,

तुझा मेसेज मिळाला. चार ओळींचा. 'बाबा, हे काय केलंत. तो आपल्याकडचा नाही, अमेरिकेतला आहे. तळ्यातल्या आपल्या कासवांचं अन्न आणि जागा तो घेणार. त्याला परत आणा.' तुझी आई जाऊन दोन आठवडेही झालेले नाहीत आणि तुला तळ्याची काळजी पडली. मी दोनदा वाचला. 'बाबा, जेवलात का' असं त्यात कुठेच नव्हतं.

मी रागावून लिहितो आहे असं वाटलं तर तसंच आहे.

मला तुझा तो फोटो आठवला. दोन वर्षांपूर्वीचा. तू खाकी शर्टात उभी, आणि पायाशी ओळीनं ठेवलेले मेलेले कोल्हे. खाली तू लिहिलं होतंस की या बेटावर आता पेंग्विनची पिल्लं जगतील. आईनं खालचं वाचलंच नाही. लगेच तुला फोन लावला. मी शेजारीच बसलो होतो.

"कोल्ह्यानं तुझं काय घेतलं गं?"

तू म्हणालीस, "आई, ते कोल्हे इथले नाहीतच. इंग्रजांनी शिकारीच्या हौसेसाठी आणून सोडले."

"मग इंग्रजांना मार."

मी हसलो होतो. तुम्ही दोघी हसला नाहीत. त्यानंतर तुझा फोन आला की ती तो माझ्या हातात द्यायची आणि स्वयंपाकघरात जायची. मला एकदा म्हणाली, "पाणातिपाता वेरमणी. जीव घेणार नाही. पहिलंच शील. लहानपणापासून रोज म्हणून घेतलं हिच्याकडून, आणि ही त्याचाच पगार घेते." मी मध्ये पडलो नाही. तुम्ही दोघी सारख्याच हट्टी, आपोआप मिटेल असं मला वाटलं होतं.

तर आईच्या नावानं केलेल्या गोष्टीला तू चूक म्हणू नयेस. म्हणायचंच असेल तर थोडं थांबून म्हणायचं होतंस.

आज तळ्यावर जाऊन आलो. सहज, फिरायला म्हणून.

बाबा

रविवार, २३ फेब्रुवारी

चि. चैताली,

तू फोन केलास ते बरं केलंस. मी नीट बोललो नाही. तू माफी मागितलीस तेव्हाही नाही.

मी रोज तळ्यावर जातो. फिरायला जातो असं मागे लिहिलं होतं, ते पूर्ण खरं नाही. स्टीलची वाटी घेऊन जातो. आई चमच्यानं वाटी वाजवायची आणि भैरू टबाच्या कडेला यायचा, हे तुझ्यासमोरचंच आहे. मी काठावर बसून हळू वाजवतो. लोक बघतात. एका बाईंनी मला त्यात चिल्लर टाकायची का असं विचारलं.

तळ्यात एक वाळलेलं झाड आडवं पडलं आहे. सकाळी ऊन आलं की त्यावर कासवं चढून बसतात. लांबून सगळी सारखी दिसतात. जवळजवळ सगळ्यांच्या डोळ्यामागे तांबडी रेघ आहे, भैरूला होती तशी. मला वाटलं होतं तळ्यात भैरू एकटाच तसा असेल.

तिथे अनिरुद्ध नावाचा एक तरुण भेटला. हिंजवडीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्या मित्रांबरोबर तळ्यावर काम करतो. त्यानं विचारलं, "काका, तुमचं कासव आहे का यात?"

मी नाही म्हटलं. फिरायला आलोय म्हटलं.

"हो, सगळे फिरायलाच येतात," तो म्हणाला. "काही जण वाटी घेऊन येतात."

मग मी खरं सांगितलं. जलदानाचंही सांगितलं. तो म्हणाला, "दर रविवारी कुणी ना कुणी पुण्य करून जातं, काका." पण हे त्यानं वाईट तऱ्हेनं नाही म्हटलं. तुझ्या मेसेजमधलंच सगळं त्यानं मला पुन्हा सांगितलं, फक्त सावकाश. आपली मऊ पाठीची कासवं पूर्वी त्या झाडावर असायची. आता त्यांना ऊन खायलाही जागा मिळत नाही. दुकानातून आणलेली ही मोठी होतात, घरात नकोशी होतात, मग लोक प्रेमानं आणून सोडतात. 'प्रेमानं' हा त्याचा शब्द.

मी विचारलं, "तुम्ही पकडलेल्यांचं काय करता?"

"रेस्क्यू सेंटरला देतो."

"मग?"

"सेंटर फुल आहे."

"मग?"

तो पाण्याकडे बघायला लागला. "मग डॉक्टर बघतात, काका."

मी पुढे विचारलं नाही.

मी त्याला तुझं काम सांगितलं. माझी मुलगी तिकडे कोल्हे मारते, असं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं. सोसायटीत तू 'पर्यावरण खात्यात' आहेस. तो एकदम म्हणाला, "फॉक्स ना? फॉक्स म्हणजे खोकड, काका. कोल्हा म्हणजे जॅकल. वेगळा प्राणी. आपण मराठीत सरसकट कोल्हाच म्हणतो."

घरी आल्यावर हेच डोक्यात होतं. आईच्या गावाकडे, वर्ध्याजवळ, संध्याकाळी कपाशीच्या पलीकडे कोल्हे ओरडायचे. तिचे आजोबा म्हणायचे, त्यांना हाकलू नका, ते उंदीर खातात. हे ती मला लग्न झाल्यापासून सांगायची. खोकड तिनं कधी पाहिली असेल असं वाटत नाही. म्हणजे तू एक प्राणी मारलास आणि ती दुसऱ्याच प्राण्यासाठी तुझ्याशी दोन वर्षं बोलली नाही. तू तेव्हा मराठीत बरोबर शब्द वापरला असतास तर काही फरक पडला असता का? मला वाटतं नसता पडला. पण नक्की सांगता येत नाही, आणि आता तिला विचारताही येत नाही.

भैरू अजून दिसलेला नाही.

बाबा

रविवार, ९ मार्च

चि. चैताली,

काल सकाळी तळ्यावर गेलो होतो. भैरू मिळाला. घरी टबात आहे.

पण बाकीचं लिहायला हवं. हे कुणाला सांगू कळत नाही. तुलाच सांगतो, कारण तुला यातलं कळतं.

अनिरुद्धनं शुक्रवारी फोन केला होता. त्यांनी परवानगी काढून पिंजरे लावले होते, पण त्यात विशेष काही येत नव्हतं. "काका, उद्या वाटी घेऊन याल का? तुमचा भैरू आला तर पकडून देतो." मी लगेच हो म्हटलं. त्यानं नुसतं 'या' म्हटलं असतं तरी गेलो असतो.

काठापासून आत त्यांनी जाळं सोडलं होतं, पाण्याखाली. डॉक्टर शर्मिला म्हणून एक बाई त्यांच्याबरोबर होत्या, प्राण्यांच्या डॉक्टर. चाळिशीच्या असतील. मला खुर्ची दिली. मी वाटी वाजवायला लागलो.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक डोकं वर आलं. मला वाटलं भैरू. मग त्याच्या मागे दुसरं आलं. मग त्या आडव्या झाडावरून एकेक जण पाण्यात उतरला आणि इकडे यायला लागला. चैताली, ती सगळीच येत होती. मला वाटत होतं ती वाटी त्या तळ्यात फक्त भैरूला माहीत आहे. पण प्रत्येकाच्या घरी एक वाटी होती. कुणाच्या घरी डबा असेल, कुणी टिचकी वाजवत असेल. माना उंच करून ती माझ्याकडे बघत येत होती. जाळ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

मी हात थांबवला. अनिरुद्ध मागून हळू म्हणाला, "काका, वाजवत राहा."

मी वाजवत राहिलो.

आपली, म्हणजे इथली कासवं एकही आली नाहीत. तिकडे गवताजवळ दोन-तीन होती, ती तिथेच राहिली. त्यांना कुणी कधी वाटीतून खायला दिलेलं नव्हतं. त्यामुळे निवडानिवड करावी लागली नाही. डॉक्टर म्हणाल्या, इतकं सोपं कधी झालं नव्हतं. त्यांनी कौतुकानंच म्हटलं.

भैरू शेवटी शेवटी आला. डाव्या बाजूनं, टबात यायचा तसा. मी ओळखला. त्याला मीच उचलून बाहेर घेतला. डॉक्टरांनी तो उलटा करून पाहिला, मागच्या पायांपाशी बोटानं चाचपलं आणि म्हणाल्या, "भैरू कसला? ही बाई आहे. पोटात अंडी आहेत."

मी म्हटलं, "माझी मिसेस चौदा वर्षं त्याला भैरूच म्हणायची."

"त्याला काय हरकत आहे," त्या म्हणाल्या. "तिची काही तक्रार दिसत नाही."

मी विचारलं, बाकीच्यांचं काय. सेंटरनं लहान लहान तीन घेतली. उरलेली डॉक्टर घेऊन गेल्या. आधी झोपेचं इंजेक्शन, मग दुसरं. त्रास होत नाही म्हणाल्या. मला म्हणाल्या, "तुमचं तुम्ही न्या. मालक आलाय म्हटल्यावर मी कशाला अडवू? फक्त परत सोडायचं नाही. कुणाच्या नावानंही नाही." बाकीच्यांचे मालक आले नव्हते. एवढाच फरक. भैरूमध्ये आणि त्यांच्यात दुसरा काहीच नव्हता, तांबडी रेघसुद्धा तीच.

आज सकाळी विहारात गेलो. सगळे त्रिसरण पंचशील म्हणत होते. 'पाणातिपाता वेरमणी' आलं आणि माझा आवाज निघाला नाही. पुढची चार म्हटली. नंतर भंतेंना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, चेतना काय होती? म्हणजे मनात हेतू काय होता. मी म्हटलं, भैरूला परत मिळवायचा. आणि बाकीच्यांबद्दल? मी म्हटलं, बाकीच्यांबद्दल मनात काहीच नव्हतं. मग म्हणाले, यावर पुढच्या रविवारी बोलू. त्यांच्या मागे बरेच लोक थांबले होते.

तू रोज हे करतेस. मी तुला दोष देण्यासाठी विचारत नाही. तू संध्याकाळी घरी गेल्यावर काय करतेस? जेवण जातं का? तुझं खरं म्हणणं काय आहे, आपण वाचवलं की मारलं? मला दोन्ही बाजूंनी ते खरं वाटतं, आणि दोन्ही बाजूंनी खोटं वाटतं. तळ्यातल्या मऊ पाठीच्या कासवांना विचारलं तर ती काय म्हणतील? पण ती माझ्या वाटीला आली नाहीत, त्यामुळे त्यांची आणि माझी ओळख नाही. जी आली त्यांची ओळख झाली.

फोन कर. मी बोलेन.

बाबा

रविवार, १६ मार्च

चि. चैताली,

परवाच्या फोननंतर बरं वाटलं. झोप लागली.

तू सांगितलंस ते मी मनात पुन्हा पुन्हा घोळवतो आहे. पहिल्या वर्षी तू घरी येऊन शर्ट बाहेरच काढून ठेवायचीस. आणि आता तसं करत नाहीस, आणि हेच तुला जास्त त्रास देतं. मी विचारलं, त्या वेळी तू काही म्हणतेस का? तू म्हणालीस, "नाही बाबा, काही म्हणत नाही. हात ठेवते, पूर्ण थांबेपर्यंत." हे तू आईला कधी सांगितलंस का, असं मला विचारायचं होतं. विचारलं नाही.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली, चूक असेल तर सांग. शीलात शेवटी 'समादियामि' येतं. मी घेतो. जीव घेण्यापासून मी दूर राहीन ही शिकवण मी घेतो. 'मी' म्हणजे जो म्हणतो तो. लहानपणापासून म्हणतो आहे, पण तिकडे लक्ष गेलं नव्हतं. आई ते वाक्य तुझ्यावर चालवायची. तिचं प्रेम होतं म्हणूनच चालवायची, हेही आहे. मी काही तिच्या विरुद्ध बोलत नाही.

काल कांताबाई आल्या होत्या. भैरूला परत टबात बघून त्यांना धक्का बसला.

"काहून आनलं भाऊजी? बहिनीचं पुन्य परत आनलं तुम्ही?"

मी सगळं समजावलं. अमेरिकेतलं कासव, आपली कासवं, ऊन, जागा. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे बाहेरून आलेल्यानं जगाची सोय नाही. आपन तरी वर्ध्याहून आलो ना पुन्यात? आपल्यालेबी कोनी म्हनलं होतं, जागा खाता म्हनून." हे त्यांनी हसत म्हटलं. माणसांचं आणि कासवांचं वेगळं आहे हे मला माहीत आहे. कसं वेगळं आहे ते धड सांगता येईना.

मग भैरू बाई आहे आणि पोटात अंडी आहेत हे सांगितल्यावर त्या टबाशी जाऊन बसल्या. बराच वेळ बसल्या. म्हणाल्या, "सत्यशीला गेली अन् हिच्या पोटात अंडी आली."

मी म्हटलं, "कांताबाई, आपण आत्मा मानत नाही."

"मानत नाही भाऊजी. पन वाटते."

मी चहा ठेवला.

आता मुद्द्याचं. तू विचारलंस, "बाबा, तुमच्यानंतर भैरूचं काय?" मला त्याचा राग आला नाही. डॉक्टर म्हणाल्या, ही आणखी वीस-पंचवीस वर्षं सहज जगेल. मी अडुसष्ट वर्षांचा आहे. तुझ्याकडे पाठवायचं म्हटलं तर तुमच्या देशात हिला दारातच मारतील, हे तूच सांगितलंस. सोसायटीत कुणी घेईल आणि कंटाळून पुन्हा तळ्यात नेईल. पुण्याच्या नावानंच नेईल.

म्हणून मी ठरवलं आहे. मी असेपर्यंत ती इथे राहील. नंतर तू ये, आणि ते काम तू कर. डॉक्टरांकडून नको. दुसऱ्या कुणाकडून नको. तू हात ठेवतेस ना, तसा ठेव.

आईला हे मागणं आवडलं नसतं. मला ठाऊक आहे. पण आता या घरात ठरवायला मीच आहे, आणि मला तुझ्याइतका विश्वास दुसऱ्या कुणाचा वाटत नाही.

हे पत्र वाचून लगेच उत्तर देऊ नकोस.

तुझे
बाबा

रविवार, २३ मार्च

चि. चैताली,

तू 'हो बाबा' एवढंच लिहिलंस. ते पुरेसं आहे. मे महिन्यात येतेस हेही वाचलं. तुझ्या खोलीतलं कपाट मोकळं करून ठेवतो. आईच्या साड्या मात्र तू आल्यावरच बघू.

बुधवारी भैरूनं अंडी घातली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे बाल्कनीत परातीत वाळू ठेवली होती. समोर बांधकाम चाललं आहे, तिथून आणली. ती रात्रभर मागच्या पायांनी वाळू उकरत होती. सकाळी पाहिलं तर वाळू सारखी करून टबाशी येऊन बसली होती. अंडी पांढरी, लांबट, बोटाच्या पेराएवढी आहेत. कवच कडक नाही.

डॉक्टरांना फोन केला. विचारलं, यात जीव आहे का? त्या म्हणाल्या, "तळ्यात ती महिनाभर होती, नर होते. असेलही. नसेलही. काही दिवसांनी उजेडात धरून कळेल."

"मग थांबू का?"

"कळल्यावर मग तुम्हाला जमणार आहे का?"

मी परातीकडे बघितलं. त्या म्हणाल्या, आजच फ्रीझरमध्ये ठेवा, आत्ता त्यांना काही कळत नाही. नाहीतर माझ्याकडे आणून द्या, मी करते, तुम्ही कशाला मनाला लावून घेता.

कांताबाईंना कसं कळलं कोण जाणे, त्या दुपारी दारात. "मले द्या भाऊजी. कुंडीत ठेवतो. पिल्लं झाली त मी पाहीन त्यायचं." मी म्हटलं, आणि मोठी झाल्यावर? "मंग पाहू नं." मी दिली नाहीत. त्या माझ्याशी न बोलता गेल्या. चहाही घेतला नाही. त्यांनी आजवर असं कधी केलं नव्हतं.

मी अंडी डॉक्टरांकडे पाठवली नाहीत आणि तुझ्या येण्यापर्यंतही ठेवली नाहीत. मला तुझी वाट बघता आली असती असं नाही, पण तू असतीस तर मी ते तुझ्यावर सोपवलं असतं, हे मला माहीत आहे. तळ्यावर मी नुसती वाटी वाजवली आणि बाकी सगळं दुसऱ्यांनी केलं. तसं पुन्हा नको होतं. एकदा ते आपण स्वतः करून बघावं असं वाटलं. मला पटलं आहे म्हणून केलं, असं मी म्हणणार नाही. मला अजून पटलेलं नाही. पण करायचं तर होतंच, आणि पटलेलं नसताना करायचं तर निदान ते माझ्या हातानं व्हावं.

एक रिकामा प्लास्टिकचा डबा धुऊन पुसला. अंडी वाळूत होती तशीच, न उलटता, त्यात ठेवली. झाकण लावलं. थोडा वेळ त्यावर हात ठेवला. तू ठेवतेस तितका वेळ झाला असेल का, ते कळलं नाही.

फ्रीझर उघडला तर जागा नव्हती. आईनं जानेवारीत सोललेले मटार होते, पिशव्या भरून, दोन थर. एक पिशवी बाहेर काढली तेव्हा डबा बसला.

काढलेले मटार परत आत जाईनात. ओट्यावर राहिले तर खराब झाले असते. म्हणून पिशवीची गाठ सोडून ते पातेल्यात ओतले, वर पाणी घातलं, आणि कांदा चिरायला घेतला.

बाबा